अस्सल आणि चांगलें : जपानी अन्नाच्या पारखीचा इतिहास

इ. स. २००६ च्या अखेरीस जपानच्या शेतकी, अरण्य व मत्स्य खात्याचे मंत्री मात्सुओका तोशिकात्सु यांनीं एक विलक्षण योजना पुढें मांडली. परदेशांत जपानी म्हणून जीं भोजनगृहें चालतात त्यांची पाहणी करून, जीं खरोखर जपानी ठरतील त्यांना सरकारी मान्यतेचें प्रमाणपत्र द्यावें, असा तिचा आशय होता. तिचें मूळ त्या वेळच्या वर्तमानपत्रांनीं असें सांगितलें कीं, मंत्रिमहाशय अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत गेले असतां तेथील एका जपानी म्हणविणाऱ्या भोजनगृहाच्या यादींत त्यांना सुशी आणि कोरियन पद्धतीचें भाजलेलें मांस हीं शेजारीं शेजारीं आढळलीं, आणि त्यांच्या जिवाला तें लागलें. अमेरिकन पत्रकारांनीं या योजनेला ‘सुशी-पोलीस’ असें नांव ठेवून तिची यथेच्छ थट्टा केली. पुढच्याच वर्षीं प्रमाणपत्राची भाषा मागें पडली, शिफारशीची सौम्य भाषा तिच्या जागीं आली, आणि तें काम खासगी संस्थांकडे सोंपविण्याचें ठरलें.

थट्टा बाजूला ठेविली तर मंत्र्यांच्या मनांतला प्रश्न पोरकट नव्हता. त्यांच्याच खात्याच्या अंदाजाप्रमाणें त्या वर्षीं जपानाबाहेर सुमारें २४,००० जपानी भोजनगृहें होतीं. २०२३ सालीं हा आंकडा १,८७,००० च्या आसपास गेला. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतहि तीं आतां नवलाईचीं राहिलेलीं नाहींत. सुट्टीच्या दिवशीं सहकुटुंब तेथें जाऊन बसलेला गृहस्थ पहिला घास घेण्यापूर्वीं सोबत्याला विचारतो, ‘‘काय हो, हें अस्सल असतें का?’’ चांगलें आहे का, असें तो विचारीत नाहीं. हे दोन प्रश्न अगदीं निराळे आहेत, आणि त्यांची गल्लत हेंच आमच्या मतें सगळ्या घोटाळ्याचें मूळ आहे. गंमत अशी कीं, ज्या लोकांचें हें अन्न, त्यांनीं आपल्या घरीं पहिला प्रश्न फारसा विचारलेला दिसत नाहीं. दुसरा मात्र त्यांनीं कसोशीनें विचारला.

आजच्या टोकियोचें जुनें नांव एदो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जगांतील अत्यंत मोठ्या शहरांत त्याची गणना होई, आणि त्यांत एकट्या पुरुषांचा भरणा फार. प्रांतोप्रांतींच्या सरदारांना ठराविक काळ शोगुनाच्या राजधानींत हजर राहावें लागे. त्यांच्या परिवारांतले शिपाई, शिवाय पोटासाठीं आलेले सुतार, मजूर, पेढ्यांवरचे गुमास्ते, या सर्वांना घरचा घांस कोठून मिळणार? आपल्या गिरणगांवांत जशा खाणावळी उभ्या राहिल्या, तशा एदोंत हातगाड्या आणि दुकानें उभीं राहिलीं, आणि त्यांची पारख करणारें वाङ्मयहि तेथेंच जन्मास आलें. १८२४ सालीं शहरांतील खरेदीचा एक मार्गदर्शक ग्रंथ निघाला. त्याचा एक स्वतंत्र भाग केवळ खाण्यापिण्याच्या घरांना दिलेला होता. त्याहून लोकप्रिय झाले ते ‘बान्झुके’. हा शब्द मूळचा सुमो कुस्तीचा. पूर्वेचे मल्ल एका बाजूस, पश्चिमेचे दुसऱ्या बाजूस, आणि योग्यतेप्रमाणें वरून खालीं बारीक होत जाणाऱ्या अक्षरांत त्यांचीं नांवें, असा तो एकपानी तक्ता असे. एदोच्या छापखानेवाल्यांनीं त्याच सांच्यांत भोजनगृहें बसविलीं आणि लोकांनीं ते तक्ते हौसेनें विकत घेतले. याओझेन नांवाचें एक घर तर इतकें मोठें गणलें जाई कीं, त्याला मल्लांच्या रांगेंत न घालतां मधल्या रकान्यांत, पंच आणि कुस्त्यांचे यजमान यांच्या जागीं बसवीत. या याओझेनची एक गोष्ट सांगतात. कोणा गिऱ्हाइकानें तेथें साधा चहा घातलेला भात मागितला. तो यावयास बराच वेळ लागला, आणि मग हिशेब आला तो एक र्‍यो व दोन बूंचा, म्हणजे दीड मोहरेचा! कारण विचारतां मालकानें सांगितलें कीं, या चहाला योग्य असें पाणी जवळपास नाहीं, म्हणून माणूस पाठवून तें नदीच्या वरच्या अंगाहून आणविलें. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, पारख कोणत्या अंगानें चाले हें तिच्यावरून कळतें. कोणतें घर मोठें आणि कोणतें लहान एवढें या तक्त्यांत सांपडतें. कोणतें खरें आणि कोणतें खोटें, असा रकाना त्यांत नाहीं.

सरकारचा दंडा सुशीवर पडला तोहि खोटेपणाबद्दल नव्हे. १८४१ पासून दोनतीन वर्षें शोगुनाच्या सरकारनें उधळपट्टीविरुद्ध मोठी मोहीम चालविली. कितागावा मोरिसादा नांवाच्या एका चौकस गृहस्थानें १८३७ पासून आपल्या काळच्या चालीरीतींची जी बारीक टिपणें लिहून ठेविलीं आहेत, त्यांत तो सांगतो कीं, या मोहिमेंत महाग सुशी विकणाऱ्या दोनशेंहून अधिक लोकांना धरून हातकड्या घातल्या. त्यानेंच दिलेला साधा भाव म्हणजे बहुतेक नगांना आठ मोन, आणि अंड्याच्या गुंडाळीला सुमारें सोळा. म्हणजे गुन्हा होता तो किंमतीचा.

आणि ज्या वस्तूपायीं ही माणसें हातकड्यांत पडलीं ती तरी किती जुनी होती? मुठींत दाबलेला शिरक्याचा भात आणि त्यावर माशाचा तुकडा, ही ‘निगिरी’ सुशी १८२० च्या सुमारास एदोंत रूढ झाली. तिचें श्रेय परंपरेनें हानाया योहेइ (१७९९–१८५८) या दुकानदाराला देतात. त्याच्यापूर्वीं एक हजार वर्षें सुशी या शब्दाचा अर्थ निराळाच होता. मासा मिठांत मुरवावयाचा, मग भातांत दाबून महिनोन्महिने आंबवावयाचा, आणि खातेवेळीं तो आंबून लगदा झालेला भात बहुधा टाकून द्यावयाचा! भात हें तेथें टिकविण्याचें साधन होतें, अन्न नव्हे. आठव्या शतकांतील कायद्यांत सरकारला करादाखल द्यावयाच्या जिनसांत या सुशीची नोंद आहे, आणि बिवा सरोवराच्या कांठीं ती अजून करतात. तिचा वास नाकांत गेला म्हणजे आपल्याकडील सुकटीच्या बाजाराचीहि तक्रार राहात नाहीं. हळूहळू आंबविण्याचा काळ कमी होत गेला, भात खाल्ला जाऊं लागला, आणि शेवटीं आंबटपणा काळाकडून न घेतां बाटलीकडून घेण्याची युक्ति निघाली. तीहि फुकट निघाली नाहीं. हांदा या गांवच्या नाकानो मातासाएमोन नांवाच्या दारू गाळणाऱ्यानें १८०४ च्या सुमारास साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून लालसर, स्वस्त शिरका करावयास सुरुवात केली, आणि त्याचीं पिंपें जहाजांतून एदोला जाऊं लागलीं. योहेइच्या मुठीमागें हा चोथ्याचा शिरका आहे. जुन्या सुशीच्या अभिमान्याला ही सुशी म्हणजे शुद्ध फसवणूक वाटली असती, आणि व्युत्पत्तीच्या बळावर त्याचें म्हणणें खोडून काढतां आलें नसतें.

ही एका शहराची, उभ्याउभ्यां खाण्याची वस्तु सबंध राष्ट्राची कशी झाली, हा भागहि मौजेचा आहे. ओसाकाकडे लांकडी पेटींत दाबून कापलेली सुशी चाले, क्योतोकडे खारविलेल्या बांगड्याची. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानें टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर तेथील कारागीर आपापल्या गांवीं परतले व हात बरोबर घेऊन गेले. पुढें महायुद्धानंतर अन्नाची टंचाई इतकी वाढली कीं, जुलै १९४७ मध्यें भोजनगृहें बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. तेव्हां टोकियोच्या सुशीवाल्यांनीं अधिकाऱ्यांना पटवून दिलें कीं, आम्ही भोजनगृह चालवीतच नाहीं. गिऱ्हाइकानें स्वतःचे तांदूळ आणावेत, आम्ही मजुरी घेऊन त्याची सुशी वळून देऊं. एक ‘गो’, म्हणजे सुमारें दीडशें ग्रॅम, तांदळास दहा नग असा दर ठरला. इतर प्रांतांतल्या दुकानदारांनीं हाच दाखला धरला, आणि परवानगी एदोच्या पद्धतीला असल्यामुळें एदोचीच पद्धत देशभर पसरली. राष्ट्रीय परंपरेच्या घडणींत सरकारी हुकुमांतील पळवाटेचा एवढा वाटा क्वचितच असेल.

सुशी निदान घरची तरी. तेंपुरा तर पाहुणा. पिठांत घोळवून तळण्याची ही रीत पोर्तुगीजांबरोबर आली असें बहुतेक अभ्यासकांचें मत आहे, आणि शब्दहि त्यांच्याच भाषेंतला मानतात. तो उपवासाच्या दिवसांवरून आला कीं स्वयंपाकाच्या शब्दावरून, एवढाच वाद. पोर्तुगीज १५४३ सालीं जपानच्या किनाऱ्यास लागले, आणि त्यांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी होती आपलें गोवें. १५४८ सालीं आंजिरो नांवाच्या जपानी गृहस्थानें गोव्यांत बाप्तिस्मा घेतला आणि त्यालाच वाटाड्या करून सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलांत गोव्याहून जपानास निघाला. त्या दळणवळणाची एक खूण आपल्या रोजच्या बोलण्यांत आहे: आपण ज्याला ‘पाव’ म्हणतों त्याला जपानी माणूस ‘पान’ म्हणतो, आणि दोघांनींहि तो शब्द एकाच पोर्तुगीज भटारखान्यांतून उचललेला आहे. मांसाची कथा याहून उशिराची. ६७५ सालीं सम्राट तेन्मु यानें गाईबैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडें यांच्या मांसाला वर्षांतील कांहीं महिने बंदी केली. पुढें बौद्ध आचारानें ती अढी पक्की झाली, आणि १८७२ सालीं सम्राट मेइजी यानें स्वतः गोमांस खाल्ल्याचें जाहीर झालें तेव्हां ती उघडपणें मोडली. डुकराच्या मांसाचा जो ‘तोन्कात्सु’ आज जपानी घरगुती जेवण म्हणून वाढतात तो युरोपियन कटलेटाचा नातू आहे. वाचकांनीं यावर हंसूं नये. साबूदाणा, शेंगदाणा, बटाटा व हिरवी मिरची या चौघांचेंहि माहेर अमेरिकेंत, आणि आपण एकादशीला त्यांची खिचडी करून तिला सनातन पुण्य जोडून बसलों आहों.

मासे तरी स्थिर असावेत, तर तेहि नाहींत. ट्यूना, म्हणजे आपल्या कोळ्यांच्या कुप्प्याचा भाऊबंद, एदोंत हलका मासा समजत. त्याचा लाल भाग शोयूंत मुरवून खपवीत, आणि चरबीचा भाग मांजरहि ओलांडून जाईल असें म्हणत. आज त्याच चरबीच्या भागाला सगळ्यांत चढा भाव आहे. सॅमनची कथा तर आपल्या डोळ्यांदेखत घडली. (आपल्याकडे रावसाला इंग्रजींत सॅमन म्हणण्याची चाल आहे, पण त्या दोघांचें कांहीं नातें नाहीं.) जपानजवळच्या समुद्रांतल्या सॅमनमध्यें जंत असतात, म्हणून जपानी लोक तो खारवून किंवा भाजूनच खात. १९८५ नंतर नॉर्वेच्या सरकारनें आपल्याकडील पाळीव सॅमन कच्चा खपविण्यासाठीं जपानांत चिकाटीनें प्रयत्न केला, आणि एका पिढींत तो फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीच्या दुकानांतला अत्यंत आवडता मासा झाला. आमच्या शहरांतील ‘अस्सल’ जपानी भोजनगृहाची खूण म्हणून पुष्कळजण जो नारिंगी तुकडा दाखवितात, तो नॉर्वेच्या व्यापारखात्याचा विजय आहे.

मग अस्सलपणाचा आग्रह जन्मतो कोठें? याचें सर्वांत बोलकें उदाहरण टोकियोंतच सांपडतें, पण तें जपानी अन्नाचें नसून हिंदी अन्नाचें आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ सालीं इंग्रजांच्या तावडींतून निसटून जपानांत पोहोंचले, तेव्हां त्यांना शिंजुकु भागांतील नाकामुराया या पाव-मिठाईच्या दुकानाच्या मालकांनीं, सोमा दांपत्यानें, आसरा दिला. १९१८ सालीं त्यांच्या तोशिको या कन्येशीं बोसांचा विवाह झाला; १९२५ सालीं ती वारली. त्या काळीं जपानांत ‘करी’ ठाऊक होती, पण ती इंग्रजांच्या हातून आलेली, पिठानें घट्ट केलेली. ज्या सत्तेनें आपल्याला देशोधडीस लावलें तिनेंच आपलें अन्नहि विद्रूप करून जगापुढें मांडावें, हें बोसांना कसें वाटलें असेल, याची कल्पना करण्यास फार प्रतिभा लागत नाहीं. १९२७ सालीं नाकामुरायानें उपाहारगृह उघडलें तेव्हां त्यांच्या सांगण्यावरून केलेली कोंबडीची करी ‘शुद्ध हिंदी पद्धतीची’ या नांवानें विक्रीस आली, आणि साध्या करीच्या कितीतरी पट किंमत असूनहि ती खपली. ती तेथें आजहि मिळते. ‘शुद्ध’ हें विशेषण येथें निर्वासिताच्या तोंडून आलें आहे. स्वतःच्या गांवीं कोणी आमटीला शुद्ध म्हणत नाहीं.

मंत्री मात्सुओकांची कोलोरॅडोमधील व्यथा याच जातीची होती, म्हणून तिची निव्वळ टर उडविणें आम्हांस पसंत नाहीं. फरक एवढाच कीं, बोसांच्या हातीं एक भांडें होतें आणि मंत्र्यांच्या हातीं एक खातें. शिवाय ज्या गोष्टीनें त्यांना खुपलें ती निवडहि दुर्दैवी होती. कोरियन पद्धतीचें मांस भाजून खाण्याची आवड आज खुद्द जपानांत घरोघर आहे, आणि तिचीं दुकानें युद्धोत्तर काळांत मुख्यतः जपानांत राहिलेल्या कोरियन लोकांनीं चालविलीं. १९१० पासून १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या अंमलाखालीं होता. तेथून आलेल्या मजुरांच्या चुलीवरचा पदार्थ टोकियोंत जपानी म्हणून चालावा, आणि अमेरिकेंत एखाद्या कोरियन कुटुंबानें तोच सुशीशेजारीं ठेवला तर ती भेसळ ठरावी, हा न्याय कोणत्या पुस्तकांतला? जपानबाहेरचीं अनेक जपानी भोजनगृहें कोरियन वा चिनी कुटुंबें चालवितात. स्वयंपाक्याचा चेहरा पाहून पदार्थाची जात ठरविणारें गिऱ्हाइक पुष्कळ वेळां चवीची नव्हे, तर वंशाची चौकशी करीत असतें. आपल्याला जातीची चौकशी करून पंक्ति मांडण्याची जुनी संवय असल्यामुळें ही गोष्ट लवकर ओळखूं यावी.

अमेरिकेनें केलेल्या फेरफारांचा मुकुटमणि म्हणजे कॅलिफोर्निया रोल: खेंकडा, अव्होकॅडो, आणि शेवाळाचा पापुद्रा आंत व भात बाहेर. लॉस एंजेलिसच्या तोक्यो काइकान या भोजनगृहांत १९६० नंतरच्या दशकांत इचिरो माशिता यानें, चरबीदार ट्यूना बारमहा मिळेना म्हणून, अव्होकॅडो घातला असें एक मत. व्हँकूव्हरचे हिदेकाझु तोजो हे आपणच त्याचे जनक असें म्हणतात. वादाचा निकाल लागो न लागो, २०१६ सालीं जपानच्या त्याच शेतकी खात्यानें तोजोंना जपानी अन्नाचे सदिच्छादूत नेमलें. ज्या खात्यानें दहा वर्षांपूर्वीं पोलीस पाठविण्याचा विचार केला त्यानेंच मुख्य संशयिताला मानाचें पागोटें बांधलें! मधल्या काळांत, डिसेंबर २०१३ मध्यें, ‘वाशोकु’ म्हणजे जपानी भोजनपरंपरा हिची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादींत नोंद झाली होती. कदाचित् मान मिळाल्यानें मन मोठें झालें असेल.

त्याच २०१६ सालीं खात्यानें दुसरीहि एक गोष्ट केली, आणि ती आम्हांस खरी शहाणपणाची वाटते. परदेशी स्वयंपाक्यांच्या कौशल्याला सोनेरी, रुपेरी व कांस्य अशा तीन पायऱ्यांचें प्रमाणपत्र देण्याचे नियम झाले: वरच्या पायरीला जपानांत सुमारें दोन वर्षें काम केल्याचा अनुभव, मधल्या पायरीला सुमारें एक वर्षाचा, खालच्या पायरीला थोड्या मुदतीचें शिक्षण. दुकान अस्सल आहे कीं नाहीं हा प्रश्न टाकून देऊन, या माणसाचा हात तयार आहे कीं नाहीं, हा प्रश्न घेतला. एदोच्या बान्झुकेवाल्यांना तो ओळखीचा वाटला असता.

करीची वाट तर पूर्ण गोल फिरली आहे. इंग्रजांकडून घेतलेली ती पिठाळ करी जपान्यांनीं इतकी आपलीशी केली कीं, २०२० सालीं एका जपानी कंपनीनें तिचें दुकान दिल्लीजवळ गुरुग्रामला उघडलें. आतां तेथें जाऊन ‘ही अस्सल आहे का’ असें विचारणाऱ्या हिंदी माणसाला काय उत्तर द्यावें?

चांगली आहे का, याला मात्र उत्तर देतां येतें, आणि त्यासाठीं टोकियोस जाऊन यावें लागत नाहीं. सुशीच्या दुकानांत मासा मागाहून पाहावा. आधीं भात पाहावा. तो आंखूड, चिकट जातीच्या तांदळाचा असतो. बासमतीची येथें डाळ शिजत नाहीं. शिरका, मीठ व थोडी साखर त्यांत मुरलेली असावी, तो अंगाइतपत कोमट असावा, बोटांत धरला असतां टिकावा आणि तोंडांत गेल्यावर सुटावा. शीतपेटींतून निघालेला थंड, कडक गोळा हा दोष टोकियोंतहि दोषच. ‘मासा ताजा आहे’ या फुशारकीला भुलूं नये. कच्चा खावयाचे पुष्कळसे मासे जंत मरावेत म्हणून आधीं गोठवावेच लागतात, आणि एदोच्या कारागिराचें कौशल्य तर मीठ, शिरका, शोयू यांनीं मासा मुरविण्यांतच होतें. हिरव्या वासाबीबद्दल दुकानदाराला चोर म्हणण्याची घाई करूं नये. खरें वासाबीचें मूळ दुर्मिळ व महाग असतें. हॉर्सरॅडिश व मोहरी यांना हिरवा रंग देऊन केलेली चटणी जपानांतहि सर्रास चालते. तें मूळ समोर किसून देणारें दुकान मात्र आपल्यासाठीं खर्च करीत आहे, एवढें समजावें.

शाकाहारी कुटुंबांनीं आपल्या वाट्याला येते ती सुशी हिंदुस्थानी तडजोड आहे असें मानून संकोचूं नये. कांकडीची गुंडाळी, तळलेल्या सोयाबिनच्या पनीरच्या पिशवींत भरलेला भात, आणि ‘कांप्यो’, म्हणजे आपल्याच दुध्या भोपळ्याच्या वाळवून शिजविलेल्या पट्ट्यांची गुंडाळी, हे सर्व जपानी घरचेच प्रकार आहेत. त्यांनीं सावध राहावें तें दुसरीकडे. मिसोच्या वाडग्यांत माशाचा तुकडा दिसत नाहीं, पण ज्या ‘दाशी’वर तो कढ उभा असतो ती बहुधा धुरावून वाळविलेल्या माशाच्या किसाची असते. बौद्ध मठांत हीच दाशी कोंबु नांवाचें समुद्री शेवाळ व वाळलेलीं अळंबीं यांची करतात. वाढप्याला बोलावून त्यांतली कोणती आहे हें विचारावें. आंत जाऊन स्वयंपाक्याला विचारून येतो तो वाढपी, आणि न विचारतांच ‘सगळें व्हेजच आहे’ म्हणतो तो वाढपी, यांतच त्या दुकानाची निम्मी पारख होऊन जाते.